प्रत्ययांचे दप्तर उलगडणारे इतिहासाचार्य राजवाडे

विश्वनाथ काशिनाथ राजवाडे हे नाव उच्चारताच मराठी वाचकाच्या मनात एक ठराविक चित्र उभे राहते. अंगात साधा वेष, खांद्यावर पडशी, पायी मुलुखगिरी आणि वाड्यांच्या माळ्यांवर धूळ खात पडलेली रुमाले मिळविण्यासाठी दारोदार घातलेल्या खेपा. हे चित्र खरेच आहे. परंतु ज्या चिकाटीने त्यांनी पेशवाईतील पत्रे जमविली, त्याच चिकाटीने त्यांनी भाषेतील एकेक प्रत्ययही जमविला, तपासला आणि त्याचे मूळ शोधण्याचा यत्न केला, ही गोष्ट मात्र अभ्यासकांच्या वर्तुळाबाहेर फारशी ठाऊक नाही. क्रियापदाच्या शेवटी लागणारे ‘मि’, ‘सि’, ‘ति’ हे प्रत्यय आले कोठून, वेदांच्याही आधी त्यांचे रूप काय होते, हा प्रश्न युरोपातील पंडितांनी एकोणिसाव्या शतकात हाती घेतला होता. तोच प्रश्न मराठीत, मराठीतूनच आणि जवळजवळ एकाकी अवस्थेत हाताळण्याचे धाडस राजवाडे यांनी केले. एका वाचनालयाच्या शताब्दीनिमित्त निघणाऱ्या ग्रंथात त्यांच्या जीवनाच्या या अंगाचे स्मरण करणे उचित होईल; कारण जे जपून ठेवले जात नाही त्याचा इतिहासही लिहिता येत नाही, हे सूत्र त्यांनी कागदाला लावले तसेच शब्दालाही लावले.

राजवाडे यांचा जन्म १८६३ साली तत्कालीन कुलाबा, म्हणजे आताच्या रायगड जिल्ह्यातील वरसई या गावी झाला. पितृछत्र बालपणीच हरपले. पुढील पालनपोषण व शिक्षण आप्तांच्या आधाराने पुणे व त्याच्या परिसरात झाले. वडीलबंधू वैजनाथ काशिनाथ हेही पुढे संस्कृतचे नामांकित प्राध्यापक झाले. यास्काच्या निरुक्तावरील त्यांचे कार्य आजही विद्वन्मान्य आहे. शब्दाच्या मुळाशी जाण्याचे वेड या घरात दोघा भावांना सारखेच होते, असे म्हणावयास हरकत नाही.

विश्वनाथपंतांचे महाविद्यालयीन शिक्षण मात्र सरळ रेषेत झाले नाही. मॅट्रिक आणि बी. ए. या दोन परीक्षांमध्ये त्यांची बरीच वर्षे गेली. नेमलेल्या पुस्तकांत व वर्गातील व्याख्यानांत त्यांचे मन रमत नसे. डेक्कन कॉलेजच्या ग्रंथालयात मात्र ते दिवसचे दिवस वाचीत बसत. इतिहास, तत्त्वज्ञान, समाजशास्त्र, वनस्पतिशास्त्र, जे हाती येईल ते वाचावे आणि स्वतःच्या बुद्धीने पारखून घ्यावे, हा त्यांचा खाक्या होता. या काळाविषयी त्यांनी पुढे एक प्रदीर्घ आत्मपर लेख लिहिला असून तत्कालीन शिक्षणपद्धतीवरील तो कठोर अभिप्रायच आहे. त्यांना घडविले ते वर्गाने नव्हे, ग्रंथालयाने. वाचनालयांच्या कार्यकर्त्यांनी हे ध्यानात ठेवण्यासारखे आहे.

पदवीनंतर काही काळ त्यांनी पुण्यात अध्यापन केले. संसार थाटला, परंतु पत्नीचे अल्पावधीतच निधन झाले. अपत्यसुखही नशिबी नव्हते. तिशीच्या आतबाहेर असलेल्या या तरुणाने पुन्हा विवाह केला नाही, नोकरीही धरली नाही. १८९४ साली त्यांनी ‘भाषांतर’ नावाचे मासिक काढले. जगातील श्रेष्ठ ग्रंथ मराठीत आणावेत हा त्यामागील हेतू होता आणि प्लेटोच्या ‘रिपब्लिक’चे त्यांनी स्वतः केलेले भाषांतर त्यात प्रसिद्ध झाले. मासिक तीन-साडेतीन वर्षांत बंद पडले. पण आपण जे लिहू ते मराठीतच लिहू हा निर्धार कायम राहिला. इंग्रजी उत्तम अवगत असूनही त्यांनी आपले संशोधन इंग्रजीत मांडले नाही. या निर्धाराची किंमत त्यांना कशी मोजावी लागली, हे पुढे येईलच.

वाई येथे हाती आलेल्या पत्रसंग्रहाने त्यांच्या आयुष्याची दिशा ठरविली. १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतच्या राजकारणाची ती अस्सल पत्रे होती. १८९८ साली त्यांनी ती ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड म्हणून विस्तृत प्रस्तावनेसह छापली. ग्रँट डफच्या इतिहासावर विसंबून राहण्याचे दिवस त्या प्रस्तावनेने संपविले. पुढे या मालेचे बावीस खंड निघाले. ना सरकारी अनुदान, ना संस्थेचा आश्रय, अशा स्थितीत हा माणूस गावोगाव हिंडला. देशमुख, देशपांडे, कुलकर्णी, जोशी, मठाधिपती यांच्या घरी जाऊन त्याने दप्तरे पाहिली. कोठे सन्मान झाला, तर कोठे दारातूनच वाट दाखविण्यात आली. १९१० साली ७ जुलै रोजी पुण्यात सरदार मेहेंदळे यांच्या सहकार्याने त्यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन केले. पुढे मतभेदांमुळे ते त्या मंडळापासून दूर झाले, तरी त्यांनी लावलेले रोप वृक्ष झाले.

आता प्रश्न असा, की इतिहासाचा हा उपासक व्याकरणाकडे वळला कसा? उत्तर त्यांच्या कार्यपद्धतीतच आहे. जुना कागद हाती आला म्हणजे त्याचा काळ ठरवावा लागतो. काळ ठरविण्याची एक खूण अक्षराचे वळण, तर दुसरी खूण भाषेचे रूप. कोणत्या शतकात कोणता प्रत्यय चालत होता हे ठाऊक असेल तर बनावट कागद तत्काळ ओळखता येतो. म्हणजे प्रत्यय हाही एक साक्षीदारच. बखरकार अतिशयोक्ती करील, पण क्रियापदाच्या शेवटी असलेल्या ‘स’काराला किंवा ‘त’काराला खोटे बोलण्याचे प्रयोजन नसते. बोलणारा तो नकळत उच्चारतो आणि आजोबांपासून नातवापर्यंत तो नकळतच पोहोचतो.

या दृष्टीचे पहिले मोठे फळ म्हणजे ज्ञानेश्वरीचा अभ्यास. शके १२१२ मध्ये सिद्ध झालेल्या या ग्रंथाची एकनाथांनी शके १५०६ मध्ये शुद्ध केलेली प्रत आपल्याकडे प्रमाण मानली जाते. एकनाथांच्याही पूर्वीची वाटावी अशी एक जुनी पोथी राजवाडे यांना मराठवाड्यात उपलब्ध झाली. तिच्या आधारे त्यांनी १९०९ साली ज्ञानेश्वरीची आवृत्ती प्रसिद्ध केली आणि त्याच सुमारास ‘ज्ञानेश्वरीतील मराठी भाषेचे व्याकरण’ हा ग्रंथ सिद्ध केला. त्या पोथीच्या प्राचीनत्वाविषयी पुढील विद्वानांत मतभेद झाले, हे खरे. तथापि त्या व्याकरणाची थोरवी वेगळ्याच गोष्टीत आहे. १८३६ साली दादोबा पांडुरंग यांनी मराठीचे व्याकरण रचले तेव्हापासून मराठी वैयाकरण बहुधा इंग्रजी किंवा संस्कृत व्याकरणाचा साचा पुढे ठेवून चालत असत. राजवाडे यांनी प्रत्येक रूपाला विचारले, तू कोणाचा कोण? आणि संस्कृत, प्राकृत, अपभ्रंश अशा पायऱ्यांनी त्याची वंशावळ मांडण्याचा उद्योग आरंभिला.

ही वंशावळ म्हणजे काय, हे एका उदाहरणाने स्पष्ट होईल. आपण ‘ते आहेत’ असे म्हणतो. एकवचनी ‘आहे’, अनेकवचनी ‘आहेत’. हा शेवटचा ‘त’ कोठून आला? जुन्या मराठीत ‘ते करिती’, ‘ते जाती’ अशी रूपे होती. त्यांच्यामागे प्राकृतातील ‘करंति’, ‘जंति’ आणि त्यांच्याही मागे संस्कृतातील ‘न्ति’ हा प्रथमपुरुषी बहुवचनाचा प्रत्यय उभा आहे. अनुनासिक झिजले, अंत्य इकार झिजला, उरला तो ‘त’. त्याचप्रमाणे ‘तू जातोस’, ‘तू आलास’ यांतील ‘स’ हा संस्कृतातील मध्यमपुरुषी ‘सि’ प्रत्ययाचा अवशेष आहे. ‘जातो’ आणि ‘आला’ ही मूळची धातुसाधिते, म्हणजे विशेषणांसारखी रूपे. त्यांना पुरुषवाचक प्रत्यय लागण्याचे कारण नव्हते. पण ‘करिसी’, ‘जाणसी’ अशा जुन्या क्रियापदांतील ‘स’ मराठी माणसाच्या जिभेवर एवढा रुळलेला होता की त्याने तो या नव्या रूपांनाही जोडून टाकला.

मराठीचे मूळ संस्कृतात शोधून झाले, की पुढचा प्रश्न अटळ होतो. संस्कृतातील ‘न्ति’ आणि ‘सि’ तरी कोठून आले? या टप्प्यावर युरोपातील संशोधनाचा थोडा परिचय करून घेतला पाहिजे. १७८६ साली सर विल्यम जोन्स यांनी कलकत्त्याच्या एशियाटिक सोसायटीपुढे संस्कृत, ग्रीक व लॅटिन या भाषा एकाच मूळच्या असाव्यात असे मत मांडले. शब्दांतील साम्य उसनवारीनेही येऊ शकते. म्हणून निर्णायक पुरावा हवा होता व्याकरणाचा. तो फ्रान्झ बॉप या जर्मन पंडिताने १८१६ साली दिला. त्याच्या ग्रंथाचा विषयच मुळी संस्कृत क्रियापदांची रूपे आणि ग्रीक, लॅटिन, फारसी व जर्मानिक भाषांतील रूपांशी त्यांची तुलना हा होता. म्हणजे या तुलनात्मक भाषाशास्त्राची पायाभरणीच तिङ्प्रत्ययांवर झाली आहे.

तुलना कशी केली जाते ते पाहावे. आपण ‘भरन्ति’ म्हणजे ‘ते वाहून नेतात’ असे म्हणतो; ग्रीकच्या डोरिक बोलीत ‘फेरोन्ति’, लॅटिनमध्ये ‘फेरुन्त’. आपले ‘अस्ति’, ग्रीक ‘एस्ति’, लॅटिन ‘एस्त’, जर्मन ‘इस्ट’. आपले ‘अस्मि’, लिथुआनियाच्या जुन्या भाषेत ‘एस्मि’. आणि इंग्रजीतील ‘आय अ‍ॅम’ मधला शेवटचा मकार हा त्याच ‘मि’चा त्या भाषेत टिकलेला एकुलता एक अवशेष. अशी रूपे शेजारी शेजारी मांडून, प्रत्येक भाषेतील ध्वनिपरिवर्तनाचे नियम लक्षात घेऊन, त्या सर्वांच्या मागे असलेले एकच मूळ रूप अनुमानाने उभे करावयाचे, ही पुनर्रचनेची रीत. सुमारे पाच-सहा हजार वर्षांपूर्वी बोलली जात असावी अशी ही मूळ भारत-युरोपीय भाषा कोणी लिहून ठेवलेली नाही. तिचा शिलालेख नाही, पोथी नाही. तिची साक्ष आहे ती केवळ लेकीसुनांच्या तोंडी राहिलेल्या प्रत्ययांत.

या पुनर्रचनेतून निघालेला एक निष्कर्ष आपल्या पाणिनीय परंपरेच्या दृष्टीने फार उद्बोधक आहे. पाणिनीने परस्मैपदाचे नऊ व आत्मनेपदाचे नऊ असे अठरा तिङ्प्रत्यय सांगितले. वर्तमानकाळी ‘भरति’ आणि अनद्यतन भूतकाळी ‘अभरत्’ यांतील संबंध तो असा लावतो, की मूळ प्रत्यय ‘ति’. भूतकाळात त्यातील इकाराचा लोप झाला म्हणजे ‘त्’ उरतो. रूपसिद्धीच्या दृष्टीने हे अत्यंत सुटसुटीत आहे. परंतु तुलनात्मक अभ्यास सांगतो की इतिहासाची वाट नेमकी उलटी होती. ‘म्’, ‘स्’, ‘त्’, ‘न्त्’ हे प्रत्यय आधीचे. क्रिया आत्ता, या क्षणी चालू आहे हे दाखविण्यासाठी त्यांना ‘इ’ हा अंश मागाहून जोडला गेला आणि ‘मि’, ‘सि’, ‘ति’, ‘न्ति’ तयार झाले. पाणिनी सांगतो ती रूप सिद्ध करण्याची युक्ती. रूपाचे जन्मवृत्त सांगणे हा त्याचा हेतूच नव्हता. हा भेद ओळखणे म्हणजेच वर्णनात्मक व्याकरण आणि ऐतिहासिक व्याकरण यांतील भेद ओळखणे होय.

महाराष्ट्रात या नव्या शास्त्राचा परिचय डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांनी करून दिला. १८७७ साली मुंबईत विल्सन व्याख्यानमालेत त्यांनी संस्कृत, पाली, प्राकृते आणि देशभाषा यांचा क्रमविकास मांडला. भांडारकरांची प्रतिपादनशैली संयत, सावध आणि इंग्रजीतील. राजवाडे यांचा पिंड वेगळा. त्यांनी ‘सुबन्तविचार’ आणि ‘तिङन्तविचार’ लिहिले, आणि अखेरच्या पर्वात ‘संस्कृत भाषेचा उलगडा’ हा ग्रंथ मराठी वाचकांपुढे ठेवला. पहिल्यात नामांच्या विभक्तिप्रत्ययांचा, दुसऱ्यात क्रियापदांच्या प्रत्ययांचा आणि तिसऱ्यात एकूण संस्कृत भाषेच्या घडणीचा विचार आहे.

त्यांच्या विवेचनाचा गाभा थोडक्यात असा सांगता येईल. प्रत्यय हा आकाशातून पडत नाही. तो एके काळी स्वतंत्र, अर्थवान शब्द असला पाहिजे. क्रियापदाला लागणारे पुरुषवाचक प्रत्यय हे मूळच्या सर्वनामांचेच झिजलेले अवशेष होत. धातूपुढे ‘मी’, ‘तू’, ‘तो’ या अर्थाचे शब्द वारंवार उच्चारले गेले आणि कालांतराने ते धातूला चिकटून एकजीव झाले. दुसरा मुद्दा अधिक धाडसी आहे. संस्कृतात एकाच अर्थाची अनेक रूपे, एकाच धातूचे निरनिराळे गण, नियमापेक्षा अपवादांची गर्दी असे का? राजवाडे यांचे उत्तर असे, की वैदिक भाषा ही एकाच समाजाची अखंड भाषा नव्हे. वेदपूर्वकालीन निरनिराळ्या टोळ्यांच्या भाषा एकमेकींत मिसळल्या आणि त्या मिश्रणाच्या खुणा पाणिनीने अपवाद म्हणून नोंदविल्या. ज्याला वैयाकरण अपवाद म्हणतात तो खरे पाहता इतिहासाचा पुरावा आहे. दप्तरातील फाटका, जुळत नसलेला कागद फेकून न देता तोच आधी पाहावा, ही संशोधकाची सवय येथे व्याकरणात उतरलेली दिसते.

या सिद्धान्ताचे आज मूल्यमापन कसे करावे? भक्तिभावाने सर्वच मान्य करणे राजवाडे यांनाच रुचले नसते. प्रत्यय सर्वनामांपासून आले ही कल्पना बॉपच्या काळापासून युरोपातही होती. ‘मि’ प्रत्यय आणि ‘माम्’, ‘मया’ यांतील मकार यांचे साम्य पाहता ती सहज पटते. परंतु मध्यमपुरुषाचा ‘सि’ आणि ‘त्वम्’ यांची जुळणी तशी सहज होत नाही आणि बहुवचनाचा ‘न्ति’ तर कोणत्याही ज्ञात सर्वनामाशी नीट जुळत नाही. म्हणून आजचे अभ्यासक या बाबतीत पुष्कळच सावध असतात. टोळ्यांच्या मिश्रणाचा सिद्धान्तही राजवाडे यांनी मांडला त्या स्वरूपात टिकलेला नाही. संस्कृतातील पुष्कळशी विविधता, द्विवचनासुद्धा, ग्रीक, स्लाव व लिथुआनियन भाषांतही सापडते. तेव्हा ती भारतातील किंवा वेदपूर्व टोळ्यांच्या मिश्रणाची नसून मूळ भाषेपासूनच चालत आलेली आहे, असे मानावे लागते.

येथे त्यांची मोठी अडचण दिसून येते. पुनर्रचना ही अनेक साक्षीदारांच्या जबान्यांवर चालते. राजवाडे यांचा सारा भर संस्कृत या एका साक्षीदाराच्या उलटतपासणीवर होता. साक्षीदार कितीही स्मरणशील असला, तरी त्याला ठाऊक नसलेली गोष्ट त्याच्याकडून काढता येत नाही. याचे एक उदाहरण बोलके आहे. संस्कृतात ‘वेद’ म्हणजे ‘मी जाणतो’ आणि ‘वेत्थ’ म्हणजे ‘तू जाणतोस’. ग्रीकमध्ये याच अर्थी ‘ओइदा’ आणि ‘ओइस्था’. हे ‘अ’ व ‘थ’ प्रत्यय ‘मि’ व ‘सि’ यांहून इतके निराळे का, हे कोडे केवळ संस्कृतावरून सुटणारे नव्हते. फर्दिनां द सोस्यूर याने १८७९ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या प्रबंधात असा तर्क केला होता, की मूळ भाषेत काही ध्वनी असे होते जे सर्व ज्ञात भाषांतून लुप्त झाले आणि मागे केवळ आपला परिणाम ठेवून गेले. त्यानंतर तुर्कस्तानात सापडलेल्या मातीच्या विटांवरील हित्ती भाषा बेड्रिख ह्रोझ्नी याने पहिल्या महायुद्धाच्या काळात उलगडली. १९२७ साली येर्झी कुरिलोविच या पोलिश अभ्यासकाने दाखवून दिले की सोस्यूरने तर्काने सांगितलेले ध्वनी हित्तीमध्ये ‘ह’सारख्या वर्णाच्या रूपाने प्रत्यक्ष लिहिलेले आहेत. ‘वेत्थ’ मधील महाप्राण ‘थ’ हा अशाच एका लुप्त ध्वनीचा ठसा होता, असे आज मानले जाते.

राजवाडे यांचे निधन १९२६ सालच्या ३१ डिसेंबरला झाले. ज्या वर्षी या कोड्याची किल्ली सापडली ते वर्ष त्यांना अवघ्या एका दिवसाने हुकले. अर्थात ते हयात असते तरी ही वार्ता त्यांच्यापर्यंत कितपत पोहोचली असती, कोण जाणे. आणि त्यांचे म्हणणे युरोपापर्यंत पोहोचणे तर अशक्यच होते. कारण ते मराठीत होते. पॅरिस, लाइप्झिग किंवा क्राकोव येथील पंडितांनी त्यांच्या चुका दाखविल्या असत्या, त्यांनी त्यांवर आपल्या स्वभावाप्रमाणे सडकून प्रत्युत्तर दिले असते आणि त्या वादातून शास्त्राचा लाभ झाला असता. मराठीतच लिहिण्याच्या निर्धाराची किंमत ती हीच. पण त्याच निर्धाराचा दुसरा परिणामही मोजला पाहिजे. संस्कृत भाषेच्या उत्पत्तीसारखा विषय मराठीत मांडण्यासाठी लागणारी परिभाषा, युक्तिवादाची शिस्त आणि आत्मविश्वास मराठी गद्याला त्यांनी मिळवून दिला. झाकलेल्या मुठीचे पांडित्य त्यांना मान्य नव्हते. शाळामास्तरापासून वकिलापर्यंत ज्याला वाचावेसे वाटेल त्याला ते वाचता आले पाहिजे, हा त्यामागील आग्रह होता.

शेवटची वर्षे त्यांनी धुळ्यास घालविली. व्युत्पत्तीचे काम तेथे अखंड चालू होते. गावांची नावे, माणसांची आडनावे, धातू, क्रियाविशेषणे, बोलण्यातील सहज उद्गार अशा सर्व शब्दांची ते टिपणे करीत. साठी उलटलेली, प्रकृती खालावलेली, घरी स्वतःचे म्हणावे असे माणूस नाही. पण टिपणांची भर रोज पडतच होती. त्यांच्या मृत्यूनंतर लगेच, १९२७ साली, धुळ्यातील चाहत्यांनी राजवाडे संशोधन मंडळ स्थापन करून हा ठेवा सांभाळला. त्यातूनच कृष्णाजी पांडुरंग कुलकर्णी यांनी संपादिलेला ‘राजवाडे मराठी धातुकोश’ १९३७ मध्ये प्रसिद्ध झाला. नंतर विसाव्या शतकाच्या अखेरीस या मंडळाने त्यांचे समग्र साहित्य तेरा खंडांत प्रसिद्ध केले. संशोधक गेला तरी टिपणे राहिली, आणि टिपणे राहिली म्हणून पुढच्यांना त्यांतील खरेखोटे निवडता आले. कागद जपणाऱ्या माणसाचे कागद जपले गेले, हा योग आपल्याकडे क्वचितच येतो.

पांढुर्णा आणि सौसर या आपल्या प्रदेशाचा राजवाडे यांच्या या कार्याशी संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध निकटचा आहे. आपण भाषेच्या उंबरठ्यावर राहणारी माणसे. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत नागपूर व विदर्भ मुंबई राज्याकडे गेले आणि छिंदवाडा जिल्ह्यासह आपण मध्य प्रदेशात राहिलो. २०२३ साली पांढुर्णा हा स्वतंत्र जिल्हा झाला व सौसर त्यात आले. सीमा अशा कागदावर हलतात. प्रत्यय मात्र आपल्या गतीने हलतात. ग्रिअर्सन यांच्या भाषासर्वेक्षणाच्या १९०५ मधील सातव्या खंडात मराठीच्या बोलींची नोंद आहे, तीत नागपुरी व वऱ्हाडी यांचे वर्णन आले आहे. राजवाडे यांची दृष्टी घेऊन आपल्या घरातील बोलणे ऐकले तर त्यात किती गोष्टी दडलेल्या दिसतात!

पुण्याकडील माणूस ‘तू आलास’, ‘तू जातोस’ म्हणतो. आपल्याकडे ‘तू आला’, ‘तू जातं’ असे सहज बोलले जाते. म्हणजे हजारो वर्षे टिकून राहिलेला तो मध्यमपुरुषी ‘स’ आपल्या बोलीत गळून पडला. हा केवळ हिंदीचा परिणाम म्हणणे घाईचे होईल. कारण हिंदीपासून दूर असलेल्या वऱ्हाडातही तेच घडले आहे. उलट दुसरीकडे पाहा. ‘उद्या येजो’, ‘त्याला सांगजो’, ‘सांभाळून जाजो’ असे आपल्या घरची वडीलधारी माणसे म्हणतात. शिष्ट मराठीत हे रूप नाही, म्हणून शाळेत ते अशुद्ध ठरते. पण गुजरातीत ‘आवजो’ आहे, व्रजभाषेत ‘आइयो’ आहे, हिंदीत ‘कीजिए’ आहे. प्राकृतातील विध्यर्थाच्या ‘ज्ज’ या प्रत्ययाशी या रूपांचे नाते लावले जाते. प्राकृतात कर्मणिप्रयोगाचाही ‘ज्ज’ असल्यामुळे दोहोंची काहीशी सरमिसळ झालेली आहे. तरी विध्यर्थाच्या धाग्याने मागे जाता संस्कृतातील ‘स्यात्’सारख्या विधिलिङाच्या रूपांपर्यंत पोहोचता येते, आणि ‘स्यात्’ला जुन्या लॅटिनमधील ‘सिएत’ हा सख्खा भाऊ आहे. तेव्हा ज्या ‘येजो’ला आपण गावंढळ समजून मुलांच्या तोंडून काढून टाकतो, त्याच्या पाठीशी एवढी दीर्घ परंपरा उभी असू शकते.

हे प्रत्यय कायम राहतील असे नाही. शाळेची भाषा हिंदी, दूरदर्शन व बाजाराची भाषा हिंदी, लेखी मराठी प्रमाण पुणेरी. या दोहोंच्या मध्ये घरची बोली वर्षानुवर्षे झिजत आहे. झिजणे हा भाषेचा धर्मच आहे, त्याचा शोक करण्याचे कारण नाही. राजवाडे यांनीही झिजण्याबद्दल कधी शोक केला नाही. झिजलेल्या रूपावरून मूळ रूप कसे ओळखावे, यातच त्यांना आनंद होता. शोक करावयाचा तो नोंद न राहिल्याचा. नोंद असेल तर उद्याचा अभ्यासक आपल्या चुका सुधारील. नोंदच नसेल तर त्याला चूक करण्यापुरतेही साधन उरणार नाही.

राजवाडे यांच्या भाषाविषयक निष्कर्षांपैकी पुष्कळसे आज स्वीकारले जात नाहीत. पण प्रत्येक प्रत्यय हा पूर्वजांनी मागे ठेवलेला लेख आहे आणि तो वाचण्याचा अधिकार मराठी बोलणाऱ्या प्रत्येकाला आहे, ही त्यांनी दिलेली दृष्टी अबाधित आहे. वाचनालयाने शंभर वर्षे ग्रंथ जपले. पुढील शतकात त्याच्या कपाटात एक जाड वही असावी. गावातील म्हाताऱ्या माणसांच्या तोंडची क्रियापदे, ती ज्या पुरुषी, ज्या वचनी आणि ज्या अर्थी वापरली जातात त्यांसह, तारीख घालून तीत उतरलेली असावीत. इतिहासाचार्यांच्या स्मृतीला याहून अनुरूप अशी दुसरी आदरांजली सुचत नाही.